मोटारसायकलचा मागचा टायर : पारख, निवड आणि बदल



लागण, खोडवा, हुमणी, ठिबक या विषयांवर आपल्या या पानांतून नेहमीच चर्चा होते. आजचा पाठ जरा वेगळा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एक तरी जुनी मोटारसायकल उभी असते. कुणाकडे वडिलांच्या वेळची बुलेट, कुणाकडे राजदूत किंवा येझदी, कुणाकडे आर. एक्स. १००, नाही तर वीस वर्षे झालेली स्प्लेंडर. मळ्यात जायला, दूध घालायला, खताचे पोते आणायला, हंगामात स्लिपबॉयला गाठायला हीच गाडी. तिच्या इंजिनाकडे आपण लक्ष देतो. आवाज जरा बदलला की मिस्त्रीकडे नेतो. मागच्या टायरचे मात्र "उसाचं बिल आलं की बघू" या एका वाक्यावर दोन-दोन हंगाम निघतात.

मीही त्यातलाच होतो, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

आपल्याकडची कितीतरी मंडळी आता पनवेल, कामोठे, कळंबोली या भागात स्थायिक झाली आहेत. माझी थोरली मुलगीही तिकडेच असते. २०२२ च्या जुलै महिन्यात तिच्याकडे नातवाचे बारसे होते. मी आणि पुतण्या माझ्या १९८६ सालच्या बुलेटवर निघालो. मागे कॅरियरला दहा-दहा किलोंच्या दोन गुळाच्या ढेपा आणि शेंगांची पिशवी बांधली होती. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरलो. शिंगरोबाला हात जोडले. खोपोली मागे पडली, पाऊसही उघडला. घाटाची काळजी संपली म्हणून जरा सैल झालो होतो.

चौक गावाच्या अलीकडे सरळ रस्त्यावर गाडी मागून कुणीतरी धरून हलवतो आहे असे वाटू लागले. पुतण्या म्हणाला, "आबा, काय करताय?" मी काहीच करत नव्हतो. मागचा टायर बाजूला चिरला होता आणि हवा एकदम गेली होती. गाडी दोनदा झोले खाऊन रस्त्याच्या कडेला आडवी झाली. पुतण्याचा गुडघा सोलला, माझा हात मुरगळला, गुळाची एक ढेप फुटली. मागून एस.टी. येत होती. तिच्या चालकाने वेळेत ब्रेक दाबला, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

एक टेम्पो करून गाडी पनवेलला नेली. तिथल्या टायरच्या दुकानात एक वयस्कर मिस्त्री होता. मी त्याला तावातावाने सांगू लागलो, "अहो, टायर नवाच आहे. नक्षी बघा, अजून बोटभर शिल्लक आहे." त्याने नक्षीकडे पाहिलेच नाही. टायर फिरवला, बाजूवर ओले फडके मारले आणि एका लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले : २३११. म्हणाला, "काका, नक्षी बघितली तुम्ही, तारीख कोण बघणार? हा दोन हजार अकराच्या जूनमधला माल आहे."

मी तो टायर २०१४ साली स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. म्हणजे घेतला तेव्हाच तो तीन वर्षांचा होता. पुढे गाडी फार चालली नाही, छपरात उभी राहिली. त्यामुळे नक्षी शाबूत राहिली, आणि तिच्याकडे बघून मी फसलो.

तारीख कशी वाचावी

प्रत्येक टायरच्या बाजूवर बरीच अक्षरे-आकडे असतात. त्यांच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. ही पद्धत २००० सालापासूनची आहे. त्याआधी तीनच आकडे असत. तेव्हा तीन आकड्यांचा टायर कुणी "कोरा आहे, वापरलाच नाही" म्हणून देऊ लागला तर तो निदान पंचवीस वर्षांचा आहे हे समजून जावे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे असा माल अधूनमधून निघतो. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, म्हणून दोन्ही बाजू बघाव्यात. दुकानातून घेताना सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाचा चालेल. त्याहून जुना असेल तर दुसरा दाखवा म्हणावे. यात लाजायचे काही नाही. बियाणे घेताना पिशवीवरची तारीख आपण बघतोच की.

बसवल्यानंतर किती वर्षे? पाच वर्षे झाली की दर हंगामाच्या आधी बारकाईने तपासावा आणि टायरवरच्या तारखेपासून दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावा. मी स्वतः आता सहा-सातच्या पुढे जाणार नाही.

रबर म्हातारे का होते

हे समजून घेण्यासारखे आहे, आणि आपल्याला ते लवकर समजेल. आपल्या कारखान्यात उसाचा रस निर्मळ करायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. तेच गंधक टायरमध्येही असते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या गृहस्थाला असे आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले की ते दोन्ही ऋतूंत लवचिक राहते. गंधक रबराच्या लांब धाग्यांना एकमेकांशी सांधते. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली धाव तयार केली. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीला काही गावांत अजून 'डनलॉप' म्हणतात, ते त्यांचेच नाव.

पण हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता ही त्या रबरावर सारखी काम करत असतात. ते हळूहळू कडक होते आणि बाजूला केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या थोपवण्यासाठी रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. टायर फिरत, दबत राहिला की ते पृष्ठभागावर येऊन पापुद्रा धरतात. गाडी उभी राहिली की हे काम थांबते. म्हणून "गाडी चाललीच नाही, मग टायर कसा खराब होईल?" हा आपला हिशेब उलटा आहे. उभ्या गाडीचा टायर लवकर चिरतो. त्यातून हवा कमी असेल तर एकाच जागी दबून आतला धागाही कमजोर होतो.

आणखी एक आपली खोड आहे. चेनला जळके ऑइल ओततो. ते उडून मागच्या टायरवर बसते. खनिज तेल रबराला फुगवते आणि मऊ करते, शिवाय वळणावर घसरण. चेनला तेल लावावे, पण फडक्याने पुसून. टायरवर उडालेले तेल साबणाच्या पाण्याने धुवावे, रॉकेल-डिझेलने नव्हे.

झिजेची पारख

मागचा टायर पुढच्याआधी झिजतो, कारण ओढ त्याच्यावर आणि वजनही त्याच्यावर. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. बाजूवर टी.डब्ल्यू.आय. अशी अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो, त्याच्या समोरच्या खाचेत पाहावे. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी लागते, पण कायद्याची ही शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर टाकू शकत नाही. आणि आपल्याकडे पावसाळा संपला तरी सुटका नाही. हंगामात फडातून निघालेल्या गाड्यांच्या चाकांची काळी माती डांबरी रस्त्यावर पडते, तिच्यावर पहाटेचे दव पडते. त्यावर गोटा झालेला टायर म्हणजे शेवाळावर पाय.

टायर मधोमध चापट झाला असेल तर नक्षी शिल्लक असली तरी वळताना गाडी अडखळल्यासारखी होते. बाजूला फुगवटा दिसला तर आतला धागा तुटला आहे. तिथे दुसरा विचार करू नये.

आकार आणि वजनाचे आकडे

बुलेटच्या टायरवर ३.२५-१९ असे असते. पहिला आकडा रुंदी, इंचात. दुसरा रिमचा व्यास, तोही इंचात. जुन्या जावाला ३.२५-१६, येझदी रोडकिंगला मागे ३.२५-१८, आर. एक्स. १०० आणि जुन्या स्प्लेंडरला मागे २.७५-१८, सी.टी. १०० ला मागे ३.००-१७. हल्ली काही टायरवर मिलिमीटरचे आकडे येतात. २.७५-१८ च्या जागी स्प्लेंडरला ८०/१००-१८ येतो तो असाच. रुंदी ८० मिलिमीटर आणि उंची तिच्या शंभर टक्के.

पोरांना मागचा टायर जाड हवा असतो. बुलेटला चार इंची टाकून आणतात आणि रुबाब बघतात. पण जुन्या गाडीची रिम अरुंद असते. तिच्यावर जाड टायर चिमटला जातो, त्याचा आकार बिघडतो, वर चेनच्या कव्हरला किंवा मडगार्डला घासण्याची भीती. कंपनीने दिला तोच आकार घ्यावा. फार तर एक पायरी वर, तीही घासत नाही हे चाक हाताने फिरवून पाहिल्यावर.

आकाराच्या पुढे ५४ पी, ४२ पी असे काहीतरी असते. हा वजनाचा आणि वेगाचा खुणेचा आकडा. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८०, ५४ म्हणजे २१२ किलो. पुढचे अक्षर वेगाचे, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. वेगाची आपल्याला काळजी नाही, वजनाची आहे.

माझाच हिशेब मांडतो. बुलेट साधारण १७० किलो, त्यातले मागच्या चाकावर ९० धरू. माझे वजन ७५, त्यातले ५० मागे. पुतण्या ६५ किलोचा, तो जवळजवळ सगळाच मागच्या चाकावर, म्हणजे ६०. गूळ आणि शेंगा ३०. बेरीज २३०. टायर ५४ चा, म्हणजे २१२ किलोंचा, तोही हवा पूर्ण असताना. त्या दिवशी माझ्या टायरमध्ये हवा किती होती हे मी पाहिलेलेच नव्हते. अकरा वर्षांचे रबर, जास्त वजन, कमी हवा. हवा कमी की टायर जास्त दबतो, दबून सुटून तापतो. तार सारखी वाकवत राहिले की गरम होऊन तुटते, तसेच.

मागे माणूस आणि त्याच्या मागे ४५ किलोचे युरियाचे पोते, ही आपली रोजची सवारी आहे. सभासदांनी आपापल्या गाडीचा हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. स्प्लेंडरसारख्या हलक्या गाडीला २.७५-१८ मध्ये चार प्लायचा आणि सहा प्लायचा असे दोन प्रकार मिळतात. पोते वाहणाऱ्याने सहा प्लायचा मागावा. पैशात फार फरक नसतो.

काय घेऊ नये

रिमोल्ड टायर बैलगाडीला, ट्रॉलीला ठीक आहे. मोटारसायकलला नको. तिला दोनच चाके आहेत, एक गेले की सावरणारे तिसरे नाही. बुलेटला पुढचा-मागचा आकार एकच असल्याने झिजलेला मागचा पुढे टाकायचा मोह होतो. तोही नको. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते.

ट्यूबलेस टायरचे सध्या फार आकर्षण आहे. पण तारांच्या स्पोकची साधी रिम हवाबंद नसते, प्रत्येक स्पोकच्या भोकातून हवा जाते. जुन्या गाडीला ट्यूब लागतेच, तेव्हा टायरही ट्यूबचाच घ्यावा. टायरवर आय.एस.आय.ची खूण आहे ना हे पाहावे. आणि नव्या टायरला नवी ट्यूब. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, ती आत दुमडते आणि घडीवर चिरते. टायरला पैसे घालून ट्यूबला हात आखडणे म्हणजे विहीर बांधून दोरी उसनी आणण्यासारखे.

बदलण्याचे काम

बहुतेक जण दुकानात बदलून घेतील, तरी काम समोर उभे राहून करून घ्यावे. पनवेलच्या मिस्त्रीने मला स्टुलावर बसवून सगळे दाखवले, तसेच सांगतो.

गाडी मधल्या स्टँडवर, खाली फळी, पुढे वीट. मागच्या ब्रेकचा रॉड आणि आधाराची पट्टी आधी सोडवायची, चेन जोडाच्या कडीपाशी उघडायची, मग दांडा काढून चाक बाहेर. जावा-येझदीवाल्यांचे बरे असते, दांडा ओढला की चेन जागेवर राहते आणि चाक सुटते. वॉशर कुठल्या बाजूचा कुठला, हे ओळीने मांडून ठेवावे. निम्मी भांडणे तिथेच होतात.

हवा पूर्ण काढायची. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. ती बाहेर काढायची युक्ती एवढीच की समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून ठेवायची, म्हणजे इकडे सैल मिळते. काढायला सुरुवात व्हॉल्व्हपाशी आणि चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी. लिव्हर लहान घास घेत चालवावी. जोर लागतो आहे म्हणजे समोरची कड वर आली आहे, पहार आणायची वेळ नाही. कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा ऑइल कधीही लावू नये.

टायर निघाला की रिम तपासावी. माझ्या रिमच्या आत गंज होता आणि स्पोकच्या डोक्यांवरची रबरी पट्टी कुजून गेली होती. मिस्त्रीने गंज घासला, बाहेर आलेले एक स्पोकचे टोक कानशीने उतरवले, नवी पट्टी घातली. जुन्या टायरच्या आतून हात फिरवला तर बाभळीचा मोडका काटाही सापडला. नवीन ट्यूब जुन्या काट्यावर घालणारे लोक मी पाहिले आहेत.

नव्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणावा, तिथे टायर हलका असतो आणि व्हॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो. ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून, थोडी पावडर लावून आत बसवावी, म्हणजे पीळ पडत नाही आणि लिव्हरखाली सापडत नाही. कड चढली की हवा जरा जास्त भरावी. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती चहूकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा काढून, साबण लावून पुन्हा. नंतर हवा योग्य आकड्यावर आणावी. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून टाकू नये, वर टोपीकडे ठेवावा. पुढे कधी टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरपा दिसतो आणि आपण वेळीच ओळखतो. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

चाक बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, चेनला मध्यावर बोटभर, म्हणजे २५ ते ३० मिलिमीटर ढील असावी. चेनच्या कडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला. ब्रेकची आधारपट्टी आणि रॉड जोडल्याशिवाय गाडी स्टँडवरून काढू नये. हे विसरून पहिल्याच वळणावर ब्रेक दाबणारेही आहेत.

हवा टायर थंड असताना मोजावी. बुलेटला मागे एकट्याला २८ पौंड, दोघांना ३० ते ३२. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तकातला आकडा. पंधरा दिवसांतून एकदा मोजावी, बोटाने दाबून किंवा लाथ मारून नव्हे.

एवढे करूनही कधी मागची हवा एकदम गेली, तर मी केली ती चूक करू नका. घाबरून मागचा ब्रेक दाबला की सैल झालेला टायर रिमवरून आडवा येतो. मूठ हळूहळू सोडावी, हँडल दोन्ही हातांनी सरळ धरावे, गाडी आपोआप मंद होऊ द्यावी आणि शेवटी पुढचा ब्रेक हलक्या हाताने.

नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, कारण साच्यातून निघतानाचा तुकतुकीतपणा त्याच्यावर असतो. तेवढे अंतर वळणे सांभाळून घ्यावीत, ओल्या रस्त्यावर तर विशेष. आम्ही त्या संध्याकाळी पनवेलहून कामोठ्याला तसेच हळूहळू गेलो. पाळणा म्हणून झाला होता, नाव ठेवून झाले होते. फुटलेली ढेप मुलीने डब्यात भरून ठेवली. परतीच्या वाटेवर चौकला चहाला थांबलो, तेव्हा पुतण्याने खाली बसून टायरवरची तारीख वाचून दाखवली : १४२२. शंभर किलोमीटरनंतर चेनची ढील आणि स्पोकचा ताण पुन्हा पाहायला मिस्त्रीने सांगितले होते, ते घरी येऊन केले. चार स्पोक सैल निघाले.